‘उफ’ न म्हणण्याची खरी वेळ



सूरह बनी इस्राईलच्या तेविसाव्या आयतीत अल्लाहने आपल्या एकट्याच्या उपासनेची आज्ञा दिली आणि तिला लागूनच आई-वडिलांशी सद्व्यवहाराची आज्ञा दिली. त्यांच्यापैकी एक अथवा दोघेही तुमच्यासमोर वार्धक्यास पोहोचले, तर त्यांना ‘उफ’ देखील म्हणू नये, झिडकारू नये, त्यांच्याशी आदराने बोलावे, असा तिचा आशय आहे. जुम्याच्या बयानात आम्ही इमाम मंडळी ही आयत वर्षातून अनेकदा सांगतो. ऐकणारे मान डोलावतात. वडिलांच्या औषधाचे पैसे देणारा, ईदला आईला कपडे करणारा मुलगा मनात म्हणतो की, अल्हम्दुलिल्लाह, आपण या आज्ञेचे पालन करीत आहोत. परंतु ज्या दिवशी वडील खाली मान घालून सांगतात की, जन्मभराची पुंजी मी फोनवरच्या एका अनोळखी माणसाच्या हवाली केली, त्या दिवशी ही आयत किती घरांत आठवते? हा लेख त्या दिवसाविषयी आहे.

अकोल्यातील आमच्या मशिदीत पहिल्या सफमध्ये उजव्या बाजूला बसणारे एक वयोवृद्ध गृहस्थ आहेत. उर्दू शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. सारी वस्ती त्यांना मास्टरसाहेब म्हणते. पत्नीचे गुडघे धरलेले, मुलगा नोकरीनिमित्त अमरावतीला, मुलगी सासरी. त्यांच्या अनुमतीनेच पुढील हकीकत लिहीत आहे. नाव आणि वस्ती तेवढी सांगत नाही.

एका सोमवारी सकाळी त्यांना फोन आला. आपल्या आधार कार्डावर घेतलेल्या दुसऱ्या सिमवरून गैरव्यवहार झाला आहे, दोन तासांत आपला नंबर बंद होईल, असे सांगून फोन ‘मुंबई पोलिसां’कडे जोडण्यात आला. मग व्हॉट्सअ‍ॅपवर चित्रासह कॉल. समोर खाकी गणवेशातला माणूस, त्याच्या मागे भिंतीवर राजमुद्रा, हातात कागद, कागदावर मास्टरसाहेबांचे नाव. तुमच्या नावाच्या खात्यातून देशविरोधी लोकांना पैसा गेला आहे, तुम्हाला ‘डिजिटल अरेस्ट’ करण्यात येत आहे. कॅमेरा बंद करायचा नाही, घरात कोणाला सांगायचे नाही, सांगाल तर मुलगाही आत जाईल.

येथे थोडे थांबून एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. या फसवणुकीला सर्व धर्मांचे आणि सर्व थरांचे लोक बळी पडले आहेत. मुंबईतील 86 वर्षांच्या एका महिलेला डिसेंबर 2024 ते मार्च 2025 या काळात असेच धाकात ठेवून सुमारे 20 कोटी रुपये लुबाडण्यात आले. त्याआधी 2024 मध्येच वर्धमान या मोठ्या वस्त्रोद्योग समूहाचे बयाशी वर्षांचे अध्यक्ष एस. पी. ओसवाल यांना खोटे सर्वोच्च न्यायालय पडद्यावर दाखवून 7 कोटींना फसवले गेले. तेव्हा फसणारा अडाणी असतो, हा समज सोडून द्यावा. मात्र आमच्या वस्त्यांतील वृद्ध माणसाच्या मनात ‘देशविरोधी’ हा एक शब्द जो थरकाप उत्पन्न करतो, तो इतरांहून अधिक खोल असतो. आपण निर्दोष आहोत हे त्याला ठाऊक असते. पण ते सिद्ध करण्यात उरलेले आयुष्य जाईल, अशी भीती त्याला वाटते. चोराला ही भीती नेमकी ठाऊक आहे. तो तिच्यावरच धंदा करतो.

मास्टरसाहेबांशी तो माणूस अत्यंत अदबीने बोलत असे. ‘चाचाजी, आपण शरीफ माणूस आहात, मी आपल्याला यातून बाहेर काढीन,’ असे म्हणे. जेवलात का, रक्तदाबाची गोळी घेतली का, हे दोन्ही वेळा विचारी. नमाजची वेळ झाली की, मोबाइल जानमाजसमोर भिंतीला टेकवून ठेवून नमाज अदा करण्याची ‘परवानगी’ देई. पुढे एकदा मास्टरसाहेब मला म्हणाले, ‘मौलाना, खोटे कशाला बोलू, गेल्या सहा महिन्यांत माझ्या गोळीची चौकशी दुसऱ्या कोणी केली नव्हती.’ हे वाक्य मी त्यांच्या मुलाला अद्याप सांगितलेले नाही. हा लेख त्याच्या वाचनात आला तर त्याने मला क्षमा करावी.

तिसऱ्या दिवशी त्या ‘अधिकाऱ्याने’ त्यांच्याकडून अल्लाहची शपथ घेवविली की, ही चौकशी ते कोणासही सांगणार नाहीत. त्याच पहाटे ते फजरला आले. नमाजनंतर मला बाजूला घेऊन त्यांनी एक मसला विचारला: एखाद्या सरकारी कामाची गुप्तता राखण्याची शपथ घेतली असेल, तर ते पत्नीला सांगणे गुनाह ठरेल काय? मला हिफ्जच्या मुलांचा सबक ऐकायचा होता. मी उभ्या उभ्याच उत्तर दिले की, शपथ ही अमानत आहे, ती पाळावी. ते ‘जजाकल्लाह’ म्हणाले आणि निघून गेले. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात मोबाइल होता आणि कॉल चालू होता, हे मला बऱ्याच दिवसांनी कळले. माझे उत्तर त्या चोरानेही ऐकले होते.

त्याच दिवशी दुपारी मास्टरसाहेबांनी बँकेत जाऊन मुदत ठेव मोडली. एवढी रक्कम कशाला, असे तेथे विचारले तर ‘नातीचे लग्न आहे’ असे सांगा, हेही त्यांना पढवलेले होते. साडेचार लाख रुपये, पत्नीसह हजला जाण्यासाठी साठवलेले, ‘तपासणी होऊन दोन दिवसांत परत मिळतील’ या आश्वासनावर एका परक्या खात्यात गेले. त्यानंतर आठ दिवस ते गप्प राहिले. सायबर पोलिसांकडे तक्रार गेली तोवर ती रक्कम अनेक खात्यांतून पुढे सरकली होती. गोठविता आले ते फक्त अडतीस हजार.

आता मी दिलेल्या उत्तराकडे वळतो, कारण ते अपुरे होते आणि अपुरे उत्तर देणाऱ्याने ते ज्या जमातसमोर दिले तिच्यासमोरच दुरुस्त करावे. शपथ पाळावी हे खरेच. परंतु अल्लाहच्या पैगंबरांनी (स.) हेही शिकविले आहे की, एखाद्याने शपथ घेतली आणि नंतर त्याहून उत्तम गोष्ट त्याला दिसली, तर त्याने ती उत्तम गोष्ट करावी आणि शपथेचे प्रायश्चित्त द्यावे. हे प्रायश्चित्त, म्हणजे कफ्फारा, सूरह माइदाच्या एकोणनव्वदाव्या आयतीत सांगितले आहे: दहा गरिबांना जेवण अथवा वस्त्र देणे, आणि ज्याला ते शक्य नाही त्याने तीन रोजे ठेवणे. एखादा परका मनुष्य जर तुम्हाला पत्नीपासून, मुलापासून, शेजाऱ्यापासून तोडण्यासाठी शपथ घालीत असेल, तर ती मोडणे हेच उत्तम होय. मी त्या दिवशी प्रश्न ऐकला. प्रश्न विचारणाऱ्याचा चेहरा पाहिला नाही. हे सर्व इमाम बांधवांसाठीही लिहीत आहे. आपल्याकडे असा चमत्कारिक मसला घेऊन एखादा वृद्ध आला, तर आधी त्याला बसवावे, पाणी द्यावे आणि फोन बाहेर ठेवावयास सांगावे.

शपथ हे फसवणुकीचे सर्वांत जुने हत्यार आहे. सूरह आराफमध्ये आदम (अ.) आणि हव्वा (अ.) यांची कथा पुन्हा एकदा वाचा. इब्लीस त्यांच्यासमोर शत्रू म्हणून आला नाही. मी तुमचा हितचिंतक आहे, असे त्याने शपथेवर सांगितले. अल्लाहच्या नावाने कोणी खोटे बोलू शकेल, ही कल्पनाच ज्यांना नव्हती ते फसले. पुढे त्यांनी तौबा केली आणि ती स्वीकारली गेली. मानवजातीचा पहिला पिता प्रथम फसवला गेला होता, हे ज्याला ठाऊक आहे त्याने आपल्या पित्याला ‘तुम्ही इतके कसे फसलात’ असे विचारताना जीभ आवरावी.

मास्टरसाहेबांचा मुलगा त्याच रात्री अमरावतीहून आला. भला मुलगा आहे, नमाजी आहे. पण त्या रात्री तो जे बोलला ते शेजारच्या घरांतही ऐकू गेले. चाळीस वर्षे मुलांना शिकवून स्वतः काय शिकलात, असे तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो मला भेटला आणि त्याने सूरह निसाची पाचवी आयत पुढे केली: अल्लाहने ज्या संपत्तीवर तुमचा निर्वाह ठेवला आहे ती नादान लोकांच्या हाती देऊ नका, असा आदेश असेल तर अब्बांचे पेन्शनचे खाते आणि मोबाइल मी ताब्यात का घेऊ नये? मी त्याला एवढेच म्हटले की, तीच आयत शेवटपर्यंत वाच. तिच्या अखेरीस अशा व्यक्तीला अन्न-वस्त्र देण्याची आणि तिच्याशी भली गोष्ट बोलण्याची आज्ञा आहे. आयतीचा पूर्वार्ध सोयीचा वाटतो आणि उत्तरार्धापाशी वाचन थांबते, हा आपणा सर्वांचाच रोग आहे.

आणि मग मी त्याला माननीय हब्बान इब्ने मुनकिज (रजि.) यांची हकीकत सांगितली. (काही हदीसवेत्त्यांच्या मते हा प्रसंग त्यांच्या वडिलांचा, मुनकिज (रजि.) यांचा आहे.) मदरशात हे प्रकरण मी खरेदी-विक्रीच्या अध्यायात शिकलो होतो, परतीच्या अधिकाराचा एक मसला म्हणून पाठ केले होते. त्यातील घर आणि त्यातील म्हातारा माणूस मला आता दिसला.

हब्बान (रजि.) यांच्या डोक्याला जखम झाली होती. तिचा परिणाम त्यांच्या जिभेवर आणि समजेवर झाला. तरीही ते बाजारात व्यवहार करीत आणि लोक त्यांना ठकवीत. सुनन अबू दाऊद आणि तिर्मिजीमधील वृत्तांतानुसार त्यांचे घरचे लोक पैगंबर (स.) यांच्याकडे आले आणि त्यांनी विनंती केली की, यांच्यावर व्यवहारबंदी घालावी. म्हणजे आज आपला मुलगा जे मागतो तेच. पैगंबरांनी (स.) त्यांना बोलावले आणि खरेदी-विक्री करू नका असे सांगितले. ते म्हणाले, हे अल्लाहच्या पैगंबरा, मला त्याशिवाय राहवत नाही. यावर पैगंबरांनी (स.) त्यांना घरी बसवले नाही. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे की, व्यवहार करताना ‘ला खिलाबह’ असे म्हणत जा, असे त्यांना शिकविण्यात आले. अर्थ असा की, यात फसवणूक चालणार नाही. इब्ने माजाच्या वृत्तांतात यासोबत तीन रात्रींची मुदतही आहे: माल पसंत पडला तर ठेवावा, नाही तर परत करावा.

अडखळणाऱ्या जिभेमुळे त्यांना तो शब्दही नीट उच्चारता येत नसे. ते ‘खियाबह’ म्हणत, असे सहीह मुस्लिममध्ये नोंदविलेले आहे. मदीनेच्या बाजारात एक मनुष्य चुकीच्या उच्चाराने आपला हक्क सांगत फिरतो आहे आणि त्या हक्कामागे स्वतः पैगंबर (स.) उभे आहेत! ते दीर्घायुषी झाले. माननीय उस्मान (रजि.) यांच्या काळातही ते बाजारातून महागात पडलेली वस्तू घेऊन घरी येत आणि घरचे त्यांना बोल लावीत, असेही वृत्तांतांत आले आहे. मग ते वस्तू परत करावयास जात. दुकानदार हुज्जत घाली. तेव्हा जवळून जाणारा एखादा सहाबी पुढे होऊन साक्ष देई की, होय, यांना तीन दिवसांचा अधिकार पैगंबरांनी (स.) दिलेला आहे.

वाचकहो, या प्रसंगातील तिघांकडे पाहा. घरचे लोक बोल लावतात. ठकविणारा हुज्जत घालतो. आणि रस्त्याने जाणारा एक मुसलमान थांबतो आणि म्हाताऱ्याच्या बाजूने साक्ष देतो. आपल्या मोहल्ल्यात या तिसऱ्या माणसाची जागा रिकामी आहे. मास्टरसाहेबांची बातमी फुटल्यावर चहाच्या टपरीवर जे बोलले गेले ते गीबत होते, साक्ष नव्हे. ‘मोमिन एकाच बिळातून दोनदा डसला जात नाही’ या आशयाची हदीसही तेथे कोणीतरी उगाळली. अरे, ती हदीस दोनदा म्हणते! पहिला दंश झालेल्याला त्यात दोष दिलेला नाही. त्यानंतर तीन जुमे मास्टरसाहेब मशिदीत आले नाहीत. पैसे चोराने नेले. सफमधील त्यांची जागा आम्ही रिकामी केली.

मुलांनी वडिलांच्या व्यवहारात लक्षच घालू नये, असे माझे म्हणणे नाही. कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत, सूरह बकराची दोनशे ब्याऐंशीवी, कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. तीत अशक्त किंवा स्वतः मजकूर सांगू न शकणाऱ्या व्यक्तीचाही विचार केलेला आहे; तिच्या वतीने तिच्या पालकाने न्यायपूर्वक मजकूर सांगावा, असा आदेश आहे. अनेक भाष्यकारांनी या अशक्तांत अतिवृद्धांचा समावेश केला आहे. म्हणजे मदत करण्यास वाव आहे, पण ‘न्यायपूर्वक’. इमाम अबू हनीफा (रह.) यांनी तर समंजस प्रौढ व्यक्तीवर केवळ उधळेपणामुळे व्यवहारबंदी घालणे मान्यच केले नाही, त्यांचे शिष्य इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद (रह.) यांचे मत निराळे आहे. हा मतभेद विद्वानांसाठी सोडून देऊ. एकदा फसलेल्या बापाचे पासबुक हिसकावून त्याला दाढी करायलाही मुलाकडे दहा-वीस रुपये मागावयास लावणे, याला कोणत्याही इमामाच्या मतात आधार सापडणार नाही.

न्यायाची मदत कशी दिसते? वडिलांच्या संमतीने मोठी रक्कम अशा ठेवीत ठेवावी की, ती मोडण्यास दोघांच्या सह्या लागतील. रोजच्या खात्यात महिन्याच्या खर्चापुरतेच असावे. आणि त्यांना कायद्याचे दोन शब्द शिकवावेत, जसे पैगंबरांनी (स.) हब्बान (रजि.) यांना शिकविले. या देशाच्या कायद्यात ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची गोष्टच नाही. पंतप्रधानांनीही 27 ऑक्टोबर 2024 च्या ‘मन की बात’मध्ये हे सांगितले. अटक झालेल्याला, राज्यघटनेच्या अनुच्छेद 22 नुसार, प्रवासाचा वेळ वगळता चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर उभे करावे लागते आणि त्याला वकिलाचा हक्क असतो. जो पोलीस ‘कोणाला सांगू नका’ म्हणतो तो पोलीस नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये हरियाणातील एका वृद्ध दांपत्याच्या तक्रारीवरून स्वतःहून दखल घेतली आणि डिसेंबरमध्ये अशा गुन्ह्यांचा तपास सीबीआयकडे सोपविला. इतकी ही साथ पसरलेली आहे.

आणि पैसे गेलेच तर पहिल्या तासातच 1930 या क्रमांकावर फोन करावा, बँकेला कळवावे. रक्कम पुढच्या खात्यातून निघण्यापूर्वी ती गोठविली जाऊ शकते. म्हणून वडिलांना रागावणे हे केवळ अदबीविरुद्ध नाही, ते चोराच्या फायद्याचेही आहे. ज्या घरात म्हाताऱ्याला बोलणी खाण्याची भीती असते, तेथे तो आठ दिवस गप्प राहतो.

हजच्या नावाने होणारी लूट वेगळी, तिच्यावर कधी स्वतंत्र लिहीन. तूर्त एवढेच की, हज कमिटीचे हप्ते कमिटीच्याच खात्यात भरावयाचे असतात, कोणा भल्या गृहस्थाच्या खात्यात नव्हे. ‘हलाल नफ्या’च्या योजनांचेही तसेच. बंगळुरूची आयएमए कंपनी जून 2019 मध्ये बुडाली तेव्हा हजारो मुस्लिम कुटुंबांची बचत तिच्यात होती. मुद्दलाची हमी आणि दरमहा ठरलेला नफा ज्या ठिकाणी सांगितला जातो, तेथे दाढी-टोपी पाहून भागीदारीचे नाव देऊ नये.

एक कटू गोष्ट उरते. ते साडेचार लाख ज्या खात्यांतून फिरले ती खाती कोणाची होती? अशी खाती भाड्याने घेतली जातात. कॉलेजात जाणाऱ्या मुलाला सांगितले जाते की, तुझे खाते, एटीएम कार्ड आणि सिम आम्हाला दे, पाच-दहा हजार घे, बाकी विचारू नको. असे देणारे तरुण आपल्याही वस्त्यांत आहेत, हे मी ऐकीव नव्हे, एका आईने रडत रडत मला विचारलेल्या मसल्यावरून सांगतो. मदीनेच्या बाजारात पैगंबरांनी (स.) धान्याच्या ढिगात हात घातला, आतला ओलावा बोटांना लागला, जो फसवितो तो आमच्यातला नव्हे, असा निवाडा त्यांनी तेथेच दिला. ओले धान्य खाली दडपण्याबद्दल एवढा कठोर शब्द, तर एका म्हाताऱ्याच्या हजच्या पैशाला वाट करून देणाऱ्या खात्याचे भाडे कोणत्या तोंडाने खाणार? ज्याने दिले असेल त्याने आज बँकेत जाऊन ते बंद करावे, पोलिसांना खरे सांगावे आणि मिळालेले पैसे ज्याचे त्याला पोहोचवावेत. पीडित सापडला नाही तरच गरिबांना द्यावेत. दान करून मोकळे होण्याची घाई करू नये.

मास्टरसाहेबांना चौथ्या जुम्याला मी घरी जाऊन घेऊन आलो. मुलगाही बरोबर होता. खुत्ब्यापूर्वी मी माझे चुकलेले उत्तर जमातला सांगितले. त्यांचे नाव घेतले नाही. नमाज झाल्यावर ते स्वतःच उभे राहिले आणि म्हणाले, ‘तो मीच.’ मग त्यांनी सारा प्रकार सांगितला, शिक्षकी पद्धतीने, कोणता फोन आधी, कोणता नंतर.

आता अस्रनंतर ते मशिदीच्या पायरीवर बसतात. त्यांच्या डायरीच्या पहिल्या पानावर सुंदर उर्दू अक्षरात ‘ला खिलाबह’ आणि त्याखाली 1930 लिहिलेले आहे. मुलगा रोज इशानंतर फोन करतो, गोळीचे विचारतो. परवा एस. टी.तून निवृत्त झालेले एक चालक त्यांच्याकडे मोबाइल घेऊन आले. पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी एका लिंकवर माहिती भरा, नाही तर पेन्शन थांबेल, असा संदेश होता. मास्टरसाहेबांनी चष्मा पुसला, संदेश दोनदा वाचला आणि म्हणाले, ‘भाई, यावर बोट लावू नका. उद्या दहा वाजता मी तुमच्यासोबत बँकेत येतो.’